गावी न गेलेले फोटो

आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या घरात एक अल्बम होता. निळ्या रेक्झिनचा, आतली पानं चिकट, वर पातळ प्लास्टिक. त्यात बाबांचा एक फोटो होता. त्या एका फोटोपायी मी सत्तेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा घेतला.

बाबा दारात उभे आहेत. मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीतून नुकतेच आलेले असणार, कारण अंगावर कामाचा शर्ट आहे. तोंड जरासं उघडं, काहीतरी बोलता बोलता टिपलेलं, आणि डोळ्यांत हसू. चेहरा इतका स्पष्ट की वाढलेल्या दाढीचे खुंट मोजावेत. आणि मागची आमची खोली पार विरघळून गेलेली. नुसता मधासारखा पिवळा उजेड, त्यात एक पांढरा ढग, कडेला हिरवट काहीतरी. अल्बम उघडला की मी याच पानावर थांबायचे. बाबा गेल्यावर तर जास्तच. मला वाटायचं, बाबा संध्याकाळी घरी आले की आमचं घर असंच दिसायचं. पिवळं, मऊ, कडा नसलेलं.

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा आठवी, आई चौथी, मी बी.कॉम. हे मी कुठेही सांगते आणि दर वेळी तेवढ्याच जोरात सांगते; नवऱ्याला त्याचं हसू येतं, येऊ दे. पदवी मिळाली तेव्हा बाबांनी ती काच लावून फ्रेम केली आणि खोलीत अशा ठिकाणी खिळा ठोकला की दार उघडल्यावर आधी पदवी दिसावी आणि मग देव. आई त्यावरून वर्षानुवर्षं कुरकुरली, पण फ्रेम हलली नाही.

शिकलेल्या माणसाला एक खोड असते. काही करायचं म्हटलं की आधी त्यावर वाचायचं. मीही वाचलं. ऑफिसातून ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या घरी पोचले की चहाचा कप हातात घेऊन एकामागून एक व्हिडिओ बघायचे. तिथल्या मुलांना माझ्या मनातलं बरोबर कळलेलं होतं. ती म्हणायची, डिजिटल कॅमेरा फार चोख काढतो, चेहऱ्यावरचं छिद्र न् छिद्र दाखवतो, त्यात जीव नसतो. जुन्या रोलच्या फोटोसारखं हवं असेल तर मोठ्या तोंडाची लेन्स घ्या. एफ १.४. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. उजेड भरपूर आत येतो, आणि जिथे फोकस धरलाय तेवढाच एक पातळ काप स्पष्ट राहतो. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं.

मी ती लेन्स घेतली. कॅमेऱ्याबरोबर एक साधी लेन्स मिळालेली, ती डब्यातून काढलीसुद्धा नाही. व्हिडिओतली मुलं तिच्याबद्दल जे बोलायची ते ऐकून मला तिची दयाच आली होती.

मग सराव. बाल्कनीतली तुळस, ओट्यावरचं आलं, नवऱ्याचं पेपर वाचणं. संध्याकाळी सातला खाली घोडबंदर रोडवर गाड्या अडकलेल्या असायच्या, त्यांचे लाल दिवे माझ्या लेन्समधून गोल गोल होऊन एकमेकांवर चढायचे, डाळिंबाचे दाणे सांडल्यासारखे. त्या ट्रॅफिककडे प्रेमाने बघणारी त्या रस्त्यावर मी एकटीच असेन. एका मुलाने सांगितलं म्हणून मी पायमोज्याचा पातळ तुकडा लेन्ससमोर ताणून रबरबँडने बांधला. त्याने उजेड अजून मऊ होतो. नंतर कॉम्प्युटरवर बसून सावल्यांमध्ये पिवळा रंग मिसळायचा आणि वरून बारीक दाणे पेरायचे, रोलवर असत तसे.

"हा बघ, कसा वाटतो?" मी नवऱ्याला विचारलं.

तो फोटो त्याचाच होता. त्याने लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "अगं, उजवा डोळा एक नंबर आलाय. डावा कुठे पाठवलास?"

"तेवढा उथळ फोकस असतोच."

"कान पण नाहीत मला."

"तू चेहऱ्यावरचे भाव बघ ना रे."

"एका डोळ्यात किती भाव आणू?"

मी लक्ष दिलं नाही. मला फोटोत जे हवं होतं ते हळूहळू यायला लागलं होतं.

तेवढ्यात कोपरची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. चार मजल्यांची, गॅलरीवाली बिल्डिंग, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहायची, हटून राहायची. आता सगळ्यांना महिनाअखेरीला किल्ल्या द्यायच्या होत्या. नवी इमारत होईपर्यंत आई माझ्याकडे येणार हे ठरलं होतं. सामान बांधायला सुरुवात करायच्या आधी तिचा फोन आला.

"तो तुझा कॅमेरा घेऊन ये गो शनिवारी."

"आणते. कशाला?"

"घराचा एक फोटो काढ. माझा आणि घराचा. ताईला पाठवायचाय. मग काय, पाडतीलच."

ताई म्हणजे आईची मोठी बहीण, माझी मावशी. राजापूरकडच्या आमच्या गावात राहते. आई सहा वर्षांची असताना त्यांची आई गेली आणि मावशीने तिला वाढवलं. पुढे बाबांचं स्थळ आलं तेव्हा घरातले सगळे नको म्हणत होते. मुलगा डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो, कंपनीत रंगाच्या बादल्या उचलतो, पोरीला कुठे ठेवणार? मावशी एकटी म्हणाली, द्या, मी सांगते ना, पोर सुखात राहील. तिच्या शब्दावर लग्न झालं. आणि त्यानंतरची सगळी वर्षं मावशीला काही ना काही आड आलं: गुरं, सासू, दिराची आजारपणं, मग स्वतःचे गुडघे. ती एकदाही डोंबिवलीला आली नाही. जे पाहिलं ते फोटोंतून. इकडून फोटो जायचे, ती ते ओटीवरच्या भिंतीला खळ लावून चिकटवायची. मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर तिला काही दिसत नाही, व्हिडिओ कॉलवर ती कपाळ दाखवते आणि "दिसतंय का गो मी?" विचारत राहते. म्हणून छापलेला, हातात धरता येईल असा फोटो.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतके दिवस तुळस आणि आलं काढत होते, आता खरं काम आलं. माझ्या डोक्यात बाबांचा तो फोटो होताच. त्याच दारात आई, मागे तोच पिवळा उजेड. मी मनात फोटो काढूनसुद्धा टाकला होता.

शनिवारी खाडीवरच्या नव्या पुलावरून कोपरला पोचले तेव्हा साडेचार वाजले असतील. आईने खोली लग्नघरासारखी लावून ठेवली होती. फ्रिजवर क्रोशाचं झाकण, हिरव्या कपाटाचं हँडल पुसलेलं, टीव्हीवरचं कव्हर काढलेलं, शिवणयंत्र कोपऱ्यातून ओढून पुढे आणलेलं. पदवीची काच वर्तमानपत्राने घासलेली. बाबांच्या फोटोला ताजा हार. स्वतः ती मोरपंखी साडी नेसून, पदर पिनअप करून, कॉटच्या कडेवर बसली होती, डेंटिस्टकडे नंबराची वाट बघत बसतात तशी.

"हे यंत्र मधे कशाला आणलंस?"

"ताईला दाखवायला. तिनेच सांगितलं होतं शिवण शीक म्हणून."

मी तिला दारात उभं केलं आणि गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिले. लेन्स पूर्ण उघडली. आत फक्त पिवळा बल्ब लावला. बाहेरून उन्हाचा तिरका उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि कॅमेऱ्यातून बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेच. अगदी तेच. आईचा चेहरा आणि मागे मध.

"फ्रिज येतोय ना गो?" ओठ न हलवता आईने विचारलं.

"येतोय. तू इकडे बघ."

"कपाट?"

"तेपण येतंय."

"आणि तुझी पदवी? ती यायला पाहिजे हां."

"येतेय गं आई. हनुवटी जरा खाली घे. हसू नको, नुसती बघ."

मी काही खोटं बोलत नव्हते. फ्रिज येतच होता. पांढरा ढग होऊन येत होता.

दीडशेच्या वर फोटो काढले. सगळे एफ १.४ वर. एकदाही लेन्सचं तोंड लहान करणारी कडी फिरवावीशी वाटली नाही. आई दमली, मग गॅलरीतल्या शेजारणीने तिच्यासाठी पाणी आणलं आणि मला म्हणाली, "माझ्यापण घराचा काढ ना." मी तिच्याही घराचा काढला. तसाच.

पुढच्या आठवड्यात सामान निघालं. फ्रिज आणि कपाट भंगारवाल्याने नेलं, शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या सुनेला दिलं, देव आणि बाबांचा फोटो आईने मांडीवर घेतला आणि गाडीत माझ्या शेजारी बसली. पदवीची फ्रेम मागच्या सीटवर, उशीत गुंडाळून. किल्ल्या बिल्डरच्या ऑफिसात दिल्या.

ठाण्यात एक जण चांगल्या कागदावर फोटो छापून देतो, त्याच्याकडून मी सगळ्यांत सुंदर फोटो मोठा करून आणला. न चमकणारा जाडसर कागद. छापणारा म्हणाला, "मॅडम, हा रोलवर काढलाय का?" गाडीत बसल्यावर मी ते वाक्य चार वेळा मनात म्हटलं.

घरी आल्यावर फोटो आईच्या हातात दिला. तिने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"छान आलेय मी," ती म्हणाली. "साडीची पिन दिसते."

मग फोटो जरा तिरका केला, खिडकीकडे धरला. नंतर पाठीमागची बाजू बघितली, तिथे काही असेल तर.

"आणि घर कुठाय?"

"हे काय आई, मागे आहे ना."

"कुठं?"

"हे पांढरं फ्रिज. हे हिरवं कपाट."

"हे फ्रिज?" तिने बोट ठेवलं. "पदवी?"

पदवी म्हणजे फोटोत कोणीतरी बोटाने पुसलेला एक तपकिरी ठिपका होता. मी तो दाखवला नाही.

"त्याला फिल्मचा लुक म्हणतात आई. जुन्या फोटोंसारखं मुद्दाम केलंय. बाबांचा तो फोटो नाही का अल्बममधला, दारातला? अगदी तसा."

आई माझ्याकडे बघायला लागली. मग तिला हसू आलं, पण ते हसू मला काही आवडलं नाही.

"तो? तो तर फुकट गेलेला फोटो."

"म्हणजे?"

"अगो, फ्रिज आणला त्या दिवशीचा. ह्यांनी स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्या काकांना बोलावलं होतं मुद्दाम, फ्रिजचा फोटो काढायला. ताईला पाठवायला. आणि त्या काकांचा फ्लॅशच चालेना, सेल उतरलेले. ते म्हणाले, थांबा, लेन्स पूर्ण उघडून बिनफ्लॅशचा एक बघतो. हे ओरडले, अहो, फ्लॅशशिवाय फ्रिज कसा येणार? तेवढ्यात त्यांनी दाबलं बटण."

म्हणजे ते तोंड उघडं होतं ते त्यासाठी. फ्लॅशशिवाय फ्रिज कसा येणार.

"मग सेल आणले खालून, आणि फ्लॅश मारून काढले. ते काय कडक आले होते! फ्रिजचं दार उघडून, आत अंडी, पाण्याच्या बाटल्या, सगळं दिसत होतं. पाठवले आपण गावी."

"ते मी कधीच बघितले नाहीत."

"कसे बघणार? गावी गेले ना."

आणि मग तिने सहज, चहात साखर किती टाकायची ते सांगावं तसं सांगितलं. रोल धुऊन आला की बाबा कॉटवर फोटो पसरायचे. ज्यात सगळं लख्ख दिसतंय, ते एका बाजूला. ते पाकिटात. हललेले, पिवळे पडलेले, कोणाचं डोकं कापलेलं, मागचं न दिसणारे, ते दुसऱ्या बाजूला. ते अल्बमला. दोन-दोन प्रती काढायची चैन आमच्याकडे नव्हती. आई एकदा म्हणाली होती म्हणे, एखादा चांगला आपल्यालापण ठेवा की. त्यावर बाबा म्हणाले, "आपण रोज घरातच असतो. आपल्याला कशाला स्पष्ट फोटो?"

मी तो निळा अल्बम काढला. सामानात वरच होता. पान उलटत गेले आणि प्रत्येक पानावर आता मला वेगळंच दिसायला लागलं. माझा बारशाचा फोटो, त्यात पाळणा हललाय. गणपतीचा, त्यात अर्धी चौकट लाल, रोलला कुठून तरी उजेड लागलेला. आईचा शिवणयंत्रावर बसलेला, यंत्र धूसर आणि आईच्या हातातली बांगडी तेवढी स्पष्ट. मी लहानपणापासून ज्याला आमचा काळ समजत आले, तो सगळा बाबांनी बाजूला काढलेला माल होता. चांगला माल राजापूरला.

"माझा पदवीचा फोटो?" मी विचारलं. काळा गाऊन घालून, हातात गुंडाळी धरून स्टुडिओत काढलेला. इतकी वर्षं मला वाटत होतं की तो कुठेतरी हरवला.

"तो तर ताईच्या ओटीवर मधोमध आहे," आई म्हणाली. "तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. मावशीकडे मी लहानपणी जायचे. शिकायला लागल्यावर, नोकरीला लागल्यावर, गेलेच नाही.

आईने माझा तो सुंदर फोटो टेबलावर ठेवला आणि पदराने चष्मा पुसला. "राहू दे गो. ताईला सांगेन फोनवर, कसं होतं घर ते." ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दुपारभर पदवीची काच चमकवली होती, आणि मला तीनदा विचारलं होतं, येतंय ना म्हणून.

मोबाईल धुंडाळला. माझ्या, नवऱ्याच्या, लेकीच्या फोनमध्ये कोपरचे पन्नास फोटो होते, पण सगळे केकचे, चेहऱ्यांचे, हात लांब करून काढलेले. घर कोणीच काढलं नव्हतं. बाबांच्याच भाषेत, रोज तिथेच असतो ना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कॅमेऱ्याच्या खोक्यातून ती दयनीय लेन्स काढली, लेकीचा तिपाई स्टँड घेतला आणि आईला म्हटलं, "चल."

"आता तिथे काय आहे?"

"बघू तरी."

पाडायच्या आधी इमारत सोलतात हे मला माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. दारं, चौकटी, खिडक्या, ग्रिल, ओट्याचे कडप्पे, सगळं निघालेलं. खाली वॉचमन खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "मावशी, वर जायला बंदी आहे."

"कोणाला?"

"सगळ्यांना. साहेबांनी सांगितलंय."

"साहेब जन्मायच्या आधीपासून मी चढतेय हा जिना," आई म्हणाली आणि चढायला लागली. वॉचमनने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, दहा मिनिटं, एक फोटो. तो आमच्याबरोबरच वर आला आणि गॅलरीत उभा राहिला, आम्ही पडू-बिडू नये म्हणून असेल.

आमच्या खोलीला दार नव्हतं. खिडक्या नसल्यामुळे इतका उजेड होता की मी ती खोली आयुष्यात एवढी उजळ कधी बघितली नव्हती. आणि रिकामी भिंत रिकामी नव्हतीच. कपाट होतं तिथे भिंतीचा जुना फिका निळा रंग, चौकोनी, कपाटाएवढा. फ्रिजच्या मागे खालपासून वरपर्यंत काळपट पट्टा. टीव्हीच्या वायरीचं भोक. शिवणयंत्राच्या पायांनी लादीवर पाडलेले चार खड्डे. देवांच्या जागी तेलकट अर्धगोल. आणि दारासमोरच्या भिंतीवर फिकट आयताच्या डोक्यावर बाबांनी ठोकलेला खिळा. सगळं सोलून नेणाऱ्यांनी एक खिळा काय काढायचा?

मी गॅलरीत स्टँड लावला. साधी लेन्स, ती जितकी रुंद जाते तितकी रुंद. कडी फिरवून एफ ११ वर आणली. तोंड सुईच्या नाकाएवढं बारीक झालं. आता पायापासून भिंतीपर्यंत काही वितळणार नव्हतं, पण उजेड कमी घेणार म्हणून कॅमेऱ्याला जरा जास्त वेळ बघत राहावं लागणार होतं.

"आई, अजिबात हलायचं नाही हां. श्वास रोखून धर."

"कुठं उभी राहू?"

"तुला पाहिजे तिथे."

ती आत गेली. इकडे तिकडे बघितलं. आणि त्या काळपट पट्ट्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि उजवा हात उचलून हवेत आडवा धरला, खांद्याच्या जरा वर.

"हात का वर केलास?"

"फ्रिज दाखवतेय."

वॉचमन हसला नाही. मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मी फोटो मोठा करून बघितला. आई स्पष्ट. लादीतले खड्डे स्पष्ट. खिळ्याचं डोकं आणि त्याची भिंतीवरची बारीक सावलीसुद्धा. व्हिडिओतल्या त्या मुलांनी या फोटोकडे बघितलंही नसतं.

आईने तो पोस्टानेच पाठवायला लावला. कुरियर नको. नेहमी पोस्टानेच जायचे. जाड पुठ्ठ्यात फोटो ठेवला, आणि तो धूसर फोटोही तिने आत सरकवला, "तोंड बघेल माझं." पाकिटावर बाबा काय लिहायचे ते तिने मला सांगितलं, मी तसंच लिहिलं: फोटो आहेत, घडी घालू नये.

आठवड्याने मावशीचा फोन आला. स्पीकरवर टाकला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज, सुनेचा आवाज, मग मावशी.

"अगो, ही कोण धुक्यात उभी केलीस?"

"आईच आहे मावशी."

"व्हय, ओळखलं. पण धुकं कशाला त्ये?" मग जरा थांबून, "दुसरा चांगला हाय. आधी बघितला नि रडाय आलं. म्हटलं, घर खाली करून मग काढला की काय पोरीने. मग सुनेला सांगितलं, भिंतीवरचे फोटो काढ बघू हळूच, पाणी लावून. सगळे इथं खाटेवर लावलेत. फ्रिजचा फ्रिजच्या जाग्यावर. कपाटाचा कपाटाच्या. तुझी आई हात करून दाखवतेय ना, तिथंच बसतो बरोबर फ्रिज."

आई स्पीकरच्या जवळ सरकली.

"आणि तो खिळा, गो. तुझ्या पदवीचा ना त्यो? फोटोत पदवी हाय, त्याच्या वर दिसतो. अजून तिथंच हाय बघ."

मी नुसतं "हो मावशी" म्हटलं.

"म्हणजे मी खोटं नाय बोलले तुझ्या लग्नाच्या वेळेला," मावशी म्हणाली. हे ती आईला म्हणाली.

आईने फोन उचलला आणि बाल्कनीत नेला. तुळशीशेजारी उभी राहून ती बराच वेळ बोलत होती. मधून मधून हात हवेत करत होती, कपाट इकडे, मोरी तिकडे. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

"ताई म्हणते, एवढे फोटो आले, पण तुझे बाबा एकातपण हसत नाहीत. सगळ्यात छाती काढून उभे."

"चांगले आलेले गावी गेले ना," मी म्हटलं.

थोड्या वेळाने आईने स्वतःच निळा अल्बम आणला आणि ते पान उघडलं. प्लास्टिक उचलून, नखाने कोपरा सोडवत, बाबांचा फोटो हळूहळू काढला. मी म्हटलं, मूळ ठेव, मी त्याची प्रत काढून देते. ती म्हणाली नाही, हाच जाऊ दे, प्रत आपल्याला ठेव.

मी पुठ्ठा कापला. पाकिटावर पत्ता घातला, घडी घालू नये लिहिलं. आई फोटोकडे बघत अजून खुर्चीतच.

"पण यात फ्रिज दिसत नाही गो," ती म्हणाली. "ताई विचारेल."

"मग?"

"मागच्या बाजूला लिही. पेनाने नको, उमटेल. पेन्सिलीने लिही." आणि तिने शब्द सांगितले, मी ते बी.कॉम.वाल्या अक्षरात लिहिले: मागे पांढरं दिसतंय तो फ्रिज.